२१४७४८३६४७ : मोठ्या मूळ संख्येची चौकशी कशी करायची, स्टेप बाय स्टेप

मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, हे शाळेत सगळ्यांनाच शिकवतात. ९७ मूळ आहे का विचारलं तर पाढे आठवून कोणीही सांगेल. पण २,१४,७४,८३,६४७ समोर टाकला, म्हणजे दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस, की बहुतेक लोक गूगल उघडतात. गूगल सांगतो हो मूळ आहे, आणि विषय तिथेच संपतो. खरं तर मजा त्याच्यापुढे आहे. ही मूळ आहे हे आपण स्वतः पटवून कसं घ्यायचं, आणि पटल्यावर तिच्याबद्दल अजून काय काय शोधता येतं, ते इथे क्रमाने सांगतो. गणित दहावीपर्यंतचं येत असेल तर पुरे, बाकीचं वाटेत येईलच.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं सगळं तिच्यावर चालतं. मोठी मूळ संख्या स्वतः काही बोलत नाही, तिचे तुकडेच पडत नाहीत तर ती सांगणार काय. म्हणून स्थळ बघताना करतात तसं करायचं, शेजारीपाजारी चौकशी. एक शेजारी संख्येच्या एकने मागे, एक एकने पुढे. त्या दोघांचे मात्र तुकडे पडतात आणि त्यांच्याकडूनच सगळी माहिती मिळते.

स्टेप १ : हत्यारं नीट निवडा

एक्सेल वापरू नका. हे गमतीने म्हणत नाहीये. एक्सेल १५ अंकांपर्यंतच बरोबर हिशोब ठेवतो आणि आपल्याला इथे दहा आकडी संख्यांचे वर्ग करायचेत, ते १९ आकडी होतात, मग शेवटचे आकडे गुपचूप शून्य होतात आणि तुम्हाला कळतही नाही. जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरचं पण तेच, ९००७१९९२५४७४०९९१ च्या वर गेलात की भरवसा नाही. बाकी काढायच्या खेळात शेवटचा एक अंक चुकला तरी उत्तर कचऱ्यात.

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा टाका, फुकट आहे, मोबाईलवर पण चालतो, आणि त्यातले पूर्णांक कितीही मोठे होऊ शकतात. त्यात पॉव नावाचं फंक्शन आहे, त्याला तीन आकडे द्यायचे : पाया, घात आणि ज्याने भागायचं तो आकडा. ते घाताची बाकी झटकन देतं. या लेखातलं जवळपास सगळं काम त्या एका फंक्शनने होतं. लिनक्स असेल तर टर्मिनलवर फॅक्टर अशी कमांड पण आहे, आपला आकडा दिला की तोच आकडा परत छापते म्हणजे अवयव नाहीत. पण मग आपण काहीच शिकलो नाही, म्हणून ती फक्त शेवटी पडताळणीला ठेवा.

घातासाठी मी ^ ही खूण वापरतोय, म्हणजे २^५ म्हणजे ३२. पायथॉनमधे मात्र ही खूण चालत नाही, तिथे दोन फुल्या मारायच्या. नवीन लोक इथे हमखास अडकतात कारण एरर येत नाही, नुसतंच भलतं उत्तर येतं.

स्टेप २ : आकडा दोनच्या पद्धतीत लिहून बघा

दहाच्या पद्धतीत २१४७४८३६४७ हा आकडा कसाही दिसतो, त्यात काही चाल दिसत नाही. बायनरीत लिहिला की ओळीने ३१ वेळा १. बस, दुसरं काहीच नाही. म्हणजे आकडा आहे २^३१ − १. आपल्या देवळालीच्या दत्तात्रय कापरेकरांनी ६१७४ सारखे जे अंकांचे खेळ शोधले ते दहाच्या पद्धतीतले आहेत, इथला खेळ पूर्ण दोनच्या पद्धतीतला, त्यामुळे अंकांची बेरीज वगैरे करून फार काही हाती लागत नाही.

२ चा घात वजा १ अशा मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात, मरीन मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूवरून, त्याने १६४४ मधे अशा घातांची यादी छापली होती. यादीत ३१ होता आणि बरोबर होता, पण ६७ आणि २५७ पण होते जे चूक निघाले, आणि ६१, ८९, १०७ राहून गेले.

इथे पहिला नियम लक्षात घ्या. घात मूळ नसेल तर संख्या पण मूळ नसते. उदाहरणार्थ २^३५ − १ ला ३१ ने पण भाग जातो आणि १२७ ने पण, कारण ३५ म्हणजे ५ गुणिले ७, आणि ३१ म्हणजे २^५ − १, १२७ म्हणजे २^७ − १. पण उलटं खरं नाही. ११ मूळ आहे तरी २^११ − १ म्हणजे २०४७, आणि ते आहे २३ गुणिले ८९. हा २०४७ लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे, खोटं सोनं ओळखायला फार कामाचा आकडा आहे.

म्हणजे ३१ मूळ आहे यावरून आपल्या आकड्याला नुसता परीक्षेला बसायचा हॉल तिकीट मिळालाय, पास झालेला नाही.

स्टेप ३ : भागून बघा, पण ऑयलरसारखं

सरळ रस्ता असा, की वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. वर्गमूळ ४६,३४० च्या थोडंसं वर येतं आणि तिथपर्यंत ४,७९२ मूळ संख्या आहेत. कॉम्प्युटरला हे काहीच नाही, डोळ्याची पापणी लवायच्या आत होईल. पण लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने हे १७७२ मधे केलं, कॉम्प्युटर नाही, कॅल्क्युलेटर नाही, आणि तोपर्यंत त्याची दृष्टी जवळपास पूर्ण गेलेली होती. त्याने ४,७९२ भागाकार केले नाहीत. त्याने कोणते भागाकार करायची गरजच नाही ते आधी ठरवलं, आणि ही युक्ती शिकण्यासारखी आहे म्हणून इथे जरा थांबतो.

समजा क ही मूळ संख्या आपल्या आकड्याला भागते. म्हणजे २^३१ ला क ने भागलं की बाकी १ येते. आता २ चे घात एकेक करत गेलो, २, ४, ८, १६, आणि प्रत्येक वेळी क ने भागून बाकी बघितली, तर पहिल्यांदा १ कधी येईल? जिथे पहिल्यांदा येते त्या घाताने ३१ ला भाग जायला पाहिजे, आणि ३१ मूळ आहे, म्हणजे तो घात १ किंवा ३१. घात १ ला बाकी १ येणं शक्य नाही. म्हणजे ३१ च. दुसरीकडे फर्माचा छोटा सिद्धांत म्हणतो की क वजा १ या घातालाही बाकी १ च येते. दोन्ही एकत्र केलं की कळतं, क वजा १ ला ३१ ने भाग गेलाच पाहिजे. क विषम आहे म्हणून ६२ ने पण. म्हणजे क हा ६२ चा पट अधिक १ असाच असणार.

अजून एक चाळणी आहे. २^३१ ची बाकी १ म्हणून २^३२ ची बाकी २. पण २^३२ म्हणजे २^१६ चा वर्ग. म्हणजे क च्या हिशोबात २ ला वर्गमूळ आहे, आणि हे फक्त तेव्हाच होतं जेव्हा क ला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरतात. दोन्ही चाळण्या एकावर एक लावल्या की उरतात फक्त २४८ चा पट अधिक १, किंवा २४८ चा पट अधिक ६३.

आता मोजा. ४६,३४० पर्यंत असे आकडे ३७३. त्यातले जे स्वतःच मूळ नाहीत ते काढून टाका, कारण संयुक्त संख्येने भागून बघण्यात अर्थ नाही. ६३ गेला, २४९ म्हणजे ३ गुणिले ८३ गेला, ३११ राहिला कारण तो मूळ आहे, ४९७ गेला, ५५९ म्हणजे १३ गुणिले ४३ गेला, असं करत पुढचे खरे उमेदवार १३०३ आणि १४८९. शेवटी साधारण ऐंशीच्या आसपास भागाकार उरतात. ४,७९२ वरून ऐंशी! पहिला तुम्हीच करा, ३११ ने भागलं तर बाकी ३५ येते. बाकीचे पायथॉनला करू द्या, एकाचीही बाकी शून्य येणार नाही, आणि तिथे सिद्धता पूर्ण झाली. यात कुठेही बहुतेक, कदाचित असं काही नाही, पक्की सिद्धता आहे.

ही चाळणी किती धारदार आहे ते २^२९ − १ वर बघा, म्हणजे ५३,६८,७०,९११. घात २९ म्हणून क हा ५८ चा पट अधिक १ : ५९, ११७, १७५, २३३. आठने भागून १ किंवा ७ उरायला पाहिजे म्हणून ५९ आणि ११७ बाद, १७५ मूळ नाही म्हणून बाद, २३३ ने भागा आणि भाग जातो. खरा म्हणावा असा पहिलाच भागाकार आणि संख्या आडवी. पूर्ण अवयव २३३, ११०३ आणि २०८९, आणि तिन्ही ५८ चा पट अधिक १ आहेत की नाही ते स्वतः तपासा. इटलीच्या कॅटाल्डीने सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच २३, २९, ३१ आणि ३७ या चारही घातांना मूळ संख्या मिळते असं छापलं होतं, त्यातला एक ३१ तेवढा बरोबर निघाला.

ऑयलरनंतर कित्येक दशकं आपला आकडा जगातली माहीत असलेली सगळ्यात मोठी मूळ संख्या होता. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ मधे तर लिहून टाकलं की यावरून जी परिपूर्ण संख्या (जिच्या लहान विभाजकांची बेरीज तेवढीच येते अशी, स्टेप ७ मधे बघू) मिळते तिच्याहून मोठी कधी सापडणार नाही, कारण याचा उपयोग काहीच नाही तर कोण कशाला शोधत बसेल. माणसं उपयोग नसलेल्या गोष्टींमागे किती लागतात याचा त्याला अंदाज नव्हता.

स्टेप ४ : फर्माची टेस्ट, आणि तिचा सापळा

हे झटपट आहे. संख्या न असेल तर कुठलाही पाया घ्या, त्याचा न वजा १ वा घात करा, न ने भागा. बाकी १ आली नाही तर न नक्की मूळ नाही. १ आली तर मूळ असण्याची शक्यता चांगली, पण खात्री नाही.

नवीन माणूस पाया म्हणून २ घेतो, सोपा पडतो म्हणून. मर्सेन प्रकारच्या संख्यांना २ चालत नाही! घात मूळ असला की २ च्या पायावर उत्तर नेहमी १ च येतं, संख्या मूळ असो नाहीतर नसो. २०४७ वर करून बघा, २ चा २०४६ वा घात, २०४७ ने भागला की बाकी १, आणि आपल्याला तर माहितीये की तो २३ गुणिले ८९ आहे. तोच प्रकार ३ चा पाया घेऊन करा, बाकी १०१३ येते आणि सोंग उघडं पडतं. म्हणून कायम ३ घ्या. आपल्या आकड्याला ३ वर १ येतो.

सगळ्या पायांवर फसवणारे आकडे पण असतात, ५६१ हा त्यातला सगळ्यात लहान, ५६१ शी ज्याचा सामाईक अवयव नाही असा कुठलाही पाया घ्या, ५६१ मूळ असल्याचं नाटक व्यवस्थित करतो. म्हणून ही टेस्ट फक्त गाळणी, निकाल नाही.

स्टेप ५ : पुढचा शेजारी, २^३१

आपल्या आकड्यात १ मिळवला की २^३१. याच्याहून स्वच्छ शेजारी मिळणार नाही, नुसते दोन गुणिले दोन गुणिले दोन. फ्रान्सच्या एदुआर लुकाने १८७० च्या दशकात यावरून एक टेस्ट काढली आणि १९३० च्या सुमारास अमेरिकेच्या डेरिक लेमरने ती साफसूफ केली. लुका-लेमर टेस्ट म्हणतात. शिकायला इतकी सोपी की पाचवीतल्या मुलाला येईल, का चालते ते मात्र डिग्रीच्या गणितात जातं, तो भाग इथे सोडून देतो.

४ पासून सुरू करा. वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. परत वर्ग, परत वजा २, परत बाकी. घातापेक्षा दोन कमी इतक्या वेळा करायचं. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाहीतर नाही. कदाचित वगैरे काही नाही, दोन्ही बाजूंनी पक्कं.

कागदावर करून बघा म्हणजे हात बसेल. १२७ घ्या, म्हणजे २^७ − १, पाच वेळा करायचं. ४ वरून १४. १४ चा वर्ग १९६, वजा २ म्हणजे १९४, बाकी ६७. ६७ चा वर्ग वजा २ म्हणजे ४४८७, बाकी ४२. ४२ वरून १७६२, बाकी १११. १११ वरून १२३१९, आणि १२३१९ म्हणजे बरोबर १२७ गुणिले ९७. बाकी शून्य, १२७ मूळ. आता २०४७ ला हेच नऊ वेळा करा, ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, आणि शेवटी १७३६. शून्य नाही, म्हणजे नापास. गंमत अशी की नापास झाला तरी अवयव कोणते ते ही टेस्ट सांगत नाही, फक्त अवयव आहेत एवढंच.

आपल्या आकड्याला हे २९ वेळा करायचं. पायथॉनमधे चार ओळींचं काम आहे. फक्त एक लक्षात ठेवा, बाकी प्रत्येक पायरीला काढायची, शेवटी एकदम काढू म्हणून ठेवलं तर आकड्यांची लांबी दर वेळी दुप्पट होत जाते आणि शेवटचा आकडा तीस कोटींहून जास्त अंकांचा होतो, मग लॅपटॉपचा पंखा ऐकत बसा. आणि सी किंवा जावामधे करत असाल तर साधा इंट घेऊ नका, वर्ग ६२ बिटांचा होतो, लाँग घ्या.

बाकी काढायची पण एक शॉर्टकट आहे जी फक्त मर्सेन संख्यांनाच चालते. २^३१ ची बाकी १ असल्यामुळे मोठा आकडा बायनरीत लिहायचा, उजवीकडून ३१-३१ बिटांचे तुकडे पाडायचे आणि त्यांची बेरीज करायची. भागाकारच नाही! लहान उदाहरण ३१ चं घ्या, तिथे पाच-पाच बिटांचे तुकडे. १९४ म्हणजे ६ वेळा ३२ आणि वर २, तर ६ अधिक २ म्हणजे ८, आणि १९४ ला ३१ ने भागलं तर बाकी खरंच ८. नऊने भागताना आपण अंकांची बेरीज करतो ना, तीच आयडिया. मोठमोठ्या मर्सेन संख्या इतक्या पटापट तपासता येतात त्याला हे एक मोठं कारण.

कोणी तरी विचारेलच म्हणून सांगतो, आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मधे काढलेली टेस्ट कुठल्याही संख्येला चालते, शेजारी कसेही असोत, आणि अंक वाढले तरी वेळ आवाक्यात राहतो हे त्यांनी सिद्ध केलं. अभिमान वाटायलाच पाहिजे असं काम आहे. पण प्रत्यक्षात मर्सेन संख्येसाठी ती कोणी वापरत नाही, लुका-लेमर तिच्या कितीतरी पुढे पळते.

स्टेप ६ : मागचा शेजारी, २१४७४८३६४६

हा शेजारी जास्त बोलका. तुकडे पाडा : २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. सगळे लहान लहान, नशीब चांगलं. गुणाकार करून बघा, बरोबर येतो.

यावरून पण संख्या मूळ असल्याचं सिद्ध करता येतं, लुकाचीच दुसरी पद्धत. एक पाया असा शोधायचा की त्याचा पूर्ण २१४७४८३६४६ वा घात केला तर बाकी १ येते, पण त्या घाताला २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१ यातल्या कुठल्याही एकाने भागून लहान केलं तर १ येत नाही. असा पाया मिळाला की खेळ संपला, संख्या मूळ. एकूण आठ वेळा पॉव चालवायचं.

७ घेऊन करा, आठही जमतात. ३ घेऊन पण करून बघा, लहान घातांपैकी कुठे तरी १ येतो आणि फसतो, कुठे ते तुम्हीच शोधा, शोधताना ही टेस्ट नीट डोक्यात बसते. २ तर बिचारा ३१ व्या घातालाच १ वर येतो. चालणारा सगळ्यात लहान पाया ७ च आहे, आणि एकूण असे पाये ५३ कोटी ४६ लाख आहेत. हा आकडा कुठून आला तर १ × ६ × ६ × १० × ३० × १५० × ३३०, म्हणजे वरच्या प्रत्येक अवयवातून एक वजा, फक्त ९ चे ६.

असा पाया मिळण्याचा अर्थ काय ते समजून घ्या. ७ चे घात करत जा आणि बाकी लिहीत जा, तर १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतचा प्रत्येक आकडा एकदा आणि एकदाच येतो, आणि मग चक्र परत सुरू. क्रम मात्र अगदी विस्कटलेला. हे बघून लोकांना वाटलं की कॉम्प्युटरला रँडम आकडे बनवायला हे बरंय. ७ ऐवजी ७ चा पाचवा घात १६८०७ घेतला, ५ ने मागच्या शेजाऱ्याला भाग जात नाही म्हणून १६८०७ ला पण पूर्ण चक्र मिळतं. १९६९ पासून हा वापरात आहे, १९८८ मधे पार्क आणि मिलर यांनी निदान एवढं तरी पाहिजेच असा किमान दर्जा म्हणून तो सुचवला, आणि सी++ च्या लायब्ररीत आजही तो आहे. सिम्युलेशन शिकायला ठीक, पासवर्ड किंवा पैशाच्या कामाला चुकूनही नको, दोनशे चौदा कोटींचं चक्र आजच्या मशीनला काहीच नाही आणि एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

स्टेप ७ : जाता जाता बघायच्या गोष्टी

२ चं वर्गमूळ. नेहमीच्या गणितात ते १.४१४ वगैरे, पण आपल्या आकड्याच्या बाकीच्या हिशोबात ते पूर्णांक आहे, ६५५३६. त्याचा वर्ग ४२९४९६७२९६, त्यातून आपला आकडा दोनदा वजा करा, २ उरतात. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर पण होतं. आणि कुठल्याही आकड्याचं वर्गमूळ असं असेल तर काढायची रीत एकच, त्याचा २९ वेळा वर्ग करत जायचं. पुढचा शेजारी २^३१ असल्याची ही कमाई, इतर मूळ संख्यांमधे इतकं सोपं नसतं.

परिपूर्ण संख्या. ६ चे विभाजक १, २, ३ आणि बेरीज ६. तसंच २^३० गुणिले आपला आकडा म्हणजे २३०५८४३००८१३९९५२१२८, याच्या सगळ्या लहान विभाजकांची बेरीज परत तेवढीच. प्रत्येक मर्सेन मूळ संख्येतून अशी एक मिळते, हे युक्लिडपासून माहिती आहे. बार्लोने म्हटलेली ती हीच.

जोडीदार मूळ संख्या नाही. दोन कमी केले तर शेवटी ५ येतो, दोन वाढवले तर ३ ने भाग जातो. पण २^३१ + १ ला ३ ने भागल्यावर येणारी ७१५८२७८८३ ही परत मूळ आहे, हे मला तरी फार आवडतं. आपल्या आकड्याच्या आधीची मूळ संख्या २१४७४८३६२९ आणि नंतरची २१४७४८३६५९, म्हणजे एका बाजूला १८ चं अंतर, दुसऱ्या बाजूला १२. या भागात सरासरी अंतर साधारण साडेएकवीस असतं, तर तसा दाटीतच राहतो म्हणायचा. पहिल्यापासून मोजलं तर हा १०,५०,९७,५६५ वा.

आणि २०३८ चं प्रकरण. ३२ बिटांच्या पूर्णांकात एक बिट चिन्हाला गेलं की उरलेल्या ३१ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा हाच. जुन्या सिस्टीम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद असेच मोजतात. ते सेकंद आपल्या आकड्यावर पोचतात १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी, आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ मधे जाऊन पडतं. आता याचा आकडा मूळ असण्याशी काही संबंध नाही हे पण सांगून टाकतो, तो नुसता योगायोग आहे, ३१ च्या जागी ६३ घेतलं तर २^६३ − १ मूळ नाहीये, ६३ च मूळ नाही ना.

स्टेप ८ : अजून मोठं पाहिजे असेल तर

१९९६ मधे जॉर्ज वॉल्टमन यांनी सुरू केलेला गिम्प्स नावाचा प्रोजेक्ट आहे. त्यांचं प्राइम९५ सॉफ्टवेअर फुकट उतरवायचं, मशीन रिकामं असताना ते मर्सेन संख्या तपासत बसतं. सध्याची सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळ संख्या २^१३६२७९८४१ − १, ऑक्टोबर २०२४ मधे ल्यूक ड्युरंट यांनी त्यातूनच शोधली, ४,१०,२४,३२० अंकांची, आणि पहिल्यांदाच ग्राफिक्स कार्डांच्या जोरावर. आशा ठेवून बसू नका, एकेका घाताला घरच्या मशीनवर बरेच दिवस जातात आणि जवळपास सगळे नापास होतात. वीजबिल तुमचं. लॅपटॉपवर तर चालवूच नका, उन्हाळ्यात तर अजिबात नको.

ती संख्या पायथॉनमधे बनवता येते पण छापायला गेलात तर एरर येईल, नवीन व्हर्जनमधे ४३०० अंकांच्या वरचा आकडा तो मुद्दाम छापू देत नाही, ती मर्यादा सेटिंगमधून उठवावी लागते.

शेवटचा एक गृहपाठ, यात सगळं वापरायला मिळतं. ३ वरून ७ मिळतो, कारण २^३ − १, आणि ७ मूळ. ७ वरून १२७, तो पण मूळ. १२७ वरून २^१२७ − १, तो पण मूळ, लुकाने १८७६ मधे हाताने सिद्ध केलं. तसंच ५ वरून ३१, ३१ वरून आपला २१४७४८३६४७. मग २१४७४८३६४७ हाच घात म्हणून घेतला, तर २^२१४७४८३६४७ − १ मूळ असेल का? ही संख्या ६४ कोटींहून जास्त अंकांची आहे, लुका-लेमर विसरा. पण स्टेप ३ ची चाळणी इथे पण चालते, अवयव असलाच तर तो आपल्या आकड्याच्या दुप्पटीचा कुठला तरी पट अधिक १ असणार. पट एकेक वाढवत जा, आठने भागून १ किंवा ७ उरत नाहीत ते सोडा, आणि प्रत्येक उमेदवाराला पॉवमधे पाया २, घात २१४७४८३६४७ आणि तो उमेदवार द्या. बाकी १ आली की अवयव सापडला. ६८,७४५ व्या पटाला थांबाल, उमेदवार २९५२५७५२६६२६०३१. मूळ नाही ती. हा अवयव १९८३ मधे सापडला होता, तुमच्या मोबाईलला एखाद-दुसरा सेकंद लागेल.